मामा माझ्याच वर्गात

अख्ख्या मानवजातीशी आपलं नातं आहे असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते माझे सख्खे मामा होते. नात्याची ही यादी त्यांनी आनंदानं माकडांपर्यंत नेली होती. राहुरीजवळच्या एका जनावरांच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते. बैलांच्या खुरांना मलमपट्टी करता करता त्यांनी बाहेरून बी. ए. केलं, आणि पंचेचाळिशी गाठल्यावर बिनपगारी रजा टाकून, दोन म्हशी मामींच्या हवाली करून, ते पुण्याला एम. ए.ला दाखल झाले. विषय पुरातत्त्व. त्यातही माकडाचा माणूस कसा झाला, हे त्यांना शिकायचं होतं. "जनावरांचं थोडंफार कळलं, आता मानसाचं बगू," एवढंच कारण त्यांनी माझ्या आईला सांगितलं. आईला फार कौतुक वाटलं. माझं दुर्दैव असं की त्याच वर्षी, त्याच वर्गात कोल्हारहून मीही गेलो होतो.

मी बेलबॉटम शिवून घेतली होती आणि 'हाय'चं 'आहे' करायला महिनाभर घालवला होता. मामा धोतर-टोपीत, कापडी पिशवी मांडीवर घेऊन पहिल्या बाकावर बसायचे आणि तास सुटला की सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशी हाक मारायचे, "भाच्या, कळलं का रं?" मित्रांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, "आमच्याकडे कोणालाही मामा म्हणतात. एस. टी.च्या कंडक्टरलासुद्धा." मग सगळा वर्गच त्यांना मामा म्हणू लागला. एकाच वेळी इतके भाचे मिळाल्यानं मामा खूश झाले.

शिकलेली गोष्ट लगेच करून पाहायची, ही त्यांची मोठी खोड. जबड्यावर व्याख्यान झालं की खानावळीच्या मालकाला आ करायला लावून अक्कलदाढा मोजायचे. डोक्याची लांबीरुंदी घ्यायचा मोठा कंपास हाती आला, तेव्हा तो घेऊन ते माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाला आले आणि अक्षता पडायच्या आधी त्यांनी नवरदेवाचं डोकं मोजलं. वरपक्षाला वाटलं, हा मुलीकडचा काही रिवाज असेल. नवरदेव शहाण्यासारखा बसून राहिला. "लांबट हाय, पन चांगलं हाय," असं मामांनी जाहीर केल्यावर त्याच्या आईचा जीव भांड्यात पडला.

दर गुरुवारी आम्हाला हाडं शिकायला मेडिकल कॉलेजात नेत. तिथल्या सांगाड्याला मामा आधी हात जोडत. "देह दिला बिचाऱ्यानं, अन् आपल्याला त्याचं नावबी म्हाईत न्हाई," ते म्हणायचे. पोरं हसायची. सगळ्यांत मोठ्यानं मी हसायचो, म्हणजे कोणाला शंका नको. एकदा तिथल्या डॉक्टरांनी ताटभर हाडं पुढं ठेवली आणि ओळखायला सांगितली. मामांनी त्यातलं एक उचलून बाजूला ठेवलं. "सर, ह्ये शेळीचं हाय. चुकून आलं असंल." डॉक्टर तांबडेलाल झाले, पण हाड शेळीचंच निघालं. त्या दिवशी मला क्षणभर सांगावंसं वाटलं, हे माझे मामा आहेत. सांगितलं मात्र नाही.

दुसऱ्या वर्षी प्रवरेकाठच्या एका पांढरीच्या, म्हणजे जुन्या गाडल्या गेलेल्या वस्तीच्या, टेकाडावर आमचं खोदकामाचं शिबिर लागलं. दुष्काळाचं वर्ष होतं. आसपासच्या गावांतल्या बाया मजुरीला आल्या होत्या. एका सकाळी जुन्या घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले दोन रांजण लागले. आत तान्ह्या मुलाची हाडं होती. बायांनी घमेली खाली टाकली. त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली, "लेकराला हात न्हाई लावनार आमी. पाप हाय ह्ये."

शिबिराच्या सरांनी मला पुढं केलं. "तू इथलाच ना? बोल त्यांच्याशी." मी तोंड उघडलं आणि "सदर अवशेष अभ्यासाच्या दृष्टीनं..." असलं काहीतरी बाहेर पडलं. बाया एकमेकींकडं बघू लागल्या. एवढ्यात मामा खड्ड्यात उतरले, टोपी काढून म्हातारीशेजारी मातीत बसले.

"मावशे, लई वर्सांमागं कुना मायचं लेकरू गेलं. तिनं ते रानात न्हाई टाकलं. राहत्या घरात, पायाखाली ठिवलं. लांब जाऊ नये म्हनून. ती माय कशी हुती, ते ह्या पोरांना शिकायचं हाय. आपन झाकून टाकलं तर तिचं कुनाला कळनार?"

म्हातारी पदरानं डोळे पुसून खाली बसली आणि रांजणावरची माती स्वतःच्या हातानं हळूहळू सारू लागली.

दुपारच्या चहाला सर सगळ्यांसमोर म्हणाले, "आज मला यांच्याकडून शिकायला मिळालं." मग माझ्याकडं वळले. "हे तुझे खरेच मामा का रे?"

मामांचा चेहरा उजळला. सांगायला म्हणून त्यांनी कपबशी खाली ठेवली. पण त्यांच्याआधी मी बोललो, "नाही सर. गावाकडचे ओळखीचे आहेत."

मामांनी माझ्याकडं एकदाच पाहिलं. मग सरांना म्हणाले, "व्हय सर. ह्यांच्या वडलांची अन् आपली वळख हाय."

'ह्यांच्या' म्हणाले. तोवर मी 'ह्या पोराच्या' होतो. दुसऱ्या दिवसापासून ते मला अहोजाहो करू लागले. "अहो, तेवढा ब्रश देता का?" त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता, मला अडचण होऊ नये, एवढीच काळजी होती. माफी मागायला मी दोनतीनदा त्यांच्या खोलीवर गेलो. प्रत्येक वेळी त्यांनी मला बसायला पाट दिला, चहा केला, आणि बोलणं दुसरीकडं नेलं.

पुढं मी प्राध्यापक झालो. मामा सेकंड क्लासात पास होऊन पुन्हा त्याच दवाखान्यात बैलांच्या खुरांपाशी गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. ते वारले तेव्हा मी राहुरीला गेलो. घर माणसांनी भरलं होतं. मामी सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पुन्यात ह्या भाच्यानं लई सांभाळलं त्यांना. दर पत्रात लिवायचे, भाचा संगं हाय, तू घोर करू नको."

आई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "माझ्या भावाला तू परकं वाटू दिलं न्हाईस."

मी मान खाली घालून बसलो. लोकांना वाटलं, भाच्याला दुःख आवरत नाही.