घाटात गाडी शिकवणाऱ्या सुनंदाताई

सुनंदाताईंची आणि माझी ओळख महाडच्या बाजारपेठेत एका गटाराच्या काठावर झाली. मावसभावाची स्कूटर मी गटारात घातली होती आणि समोरच ताईंचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. त्या बाहेर आल्या, माझा गुडघा धुतला, पट्टी बांधली आणि मग शांतपणे विचारलं, "पडायच्या आधी नजर कुठे होती?"

"गटाराकडे."

"मग स्कूटरचं काही चुकलं नाही. तू बघत होतीस तिकडेच ती गेली."

रसायनशास्त्रात बी.एस्सी. होऊन मला दोन वर्षं झाली होती. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून त्याच दिवशी तिसऱ्यांदा नकार घेऊन मी परतत होते. रडत रडत हे सांगितलं, तेव्हा ताईंनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे दोन चौकटी शेजारी शेजारी होत्या. एकीत ड्रायव्हिंग स्कूलचा परवाना, दुसरीत मराठी विषयातली एम.ए.ची पदवी. "दोन्ही माझ्याच आहेत," त्या म्हणाल्या, "आणि एकीचा दुसरीला त्रास नाही." दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्याकडे गाडी शिकायला जाऊ लागले.

ताई साठ वर्षांच्या झाल्या म्हणून आपण सगळे हा गौरवग्रंथ त्यांच्या हाती देत आहोत. आपल्यापैकी बहुतेकांना त्यांनी स्टिअरिंग धरायला शिकवलं. पण त्या स्वतः या कामात कशा आल्या, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. मी ते त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे.

ताईंचं गाव पोलादपूर तालुक्यात, आंबेनळी घाटाच्या रस्त्यावर. वडिलांची वडापची जीप होती. गावची माणसं पोलादपूरला न्यायची आणि परत आणायची, हा त्यांचा व्यवसाय. लेक एम.ए. झाली तेव्हा त्यांनी वाडीभर सांगितलं, "माझी सुनंदा प्राध्यापक होणार हाय." ताई एका महाविद्यालयात तासिकांवर शिकवू लागल्या. दोन वर्षं झाली, तरी कायमची नेमणूक काही होईना. त्या उन्हाळ्यात घरावरची कौलं चाळताना वडील खाली पडले आणि त्यांचा पाय मोडला. ताई सुटीवर घरी होत्या. जीप चालवायला त्या वडिलांच्या शेजारी बसूनच शिकल्या होत्या. लोकांची अडचण नको म्हणून त्यांनी जीप बाहेर काढली.

वडिलांना ते मुळीच आवडलं नाही. "एवढं शिकलीस ती शिटं भरायला काय?" म्हणून त्यांनी बोलणंच टाकलं. पावसाळा सुरू झाला आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाचं नेमणुकीचं पत्र आलं. वडिलांनी त्याच आठवड्यात जीपला गिऱ्हाईक पाहिलं. गाडीच नसली म्हणजे मुलगी मागे वळून बघणार नाही, असा त्यांचा हिशेब.

प्लास्टर काढायला ताई त्यांना घेऊन निघाल्या. जीपमध्ये गावातली आणखी सात-आठ माणसं होती. घाट उतरताना एका वळणाच्या पुढे दरड आलेली दिसली. वरून अजून माती घसरत होती. गाडी वळवायला जागा नव्हती, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी. ताईंनी सगळ्यांना उतरवून आल्या वाटेने मागे चढावर चालत पाठवलं. वडिलांना मात्र उतरता येत नव्हतं.

त्यांना शेजारी बसवून ताईंनी जीप मागे घ्यायला सुरुवात केली. मागे चढण, वळणावर वळण, धुक्यात मागचं धड दिसत नाही. दोन ठिकाणी थांबून त्यांनी खाली उतरून दरीची कड पाहिली आणि पुन्हा गाडीत बसल्या. सपाटीच्या जागी ताईंनी गाडी वळवली आणि हँडब्रेक ओढला. वडिलांनी टॉवेलने स्वतःचं तोंड पुसलं, मग तोच टॉवेल ताईंकडे दिला.

"गाडी इकायची नाय," ते म्हणाले. "तू जा नायतर ऱ्हा, तुझी मर्जी. पण गाडी इकायची नाय."

ताई राहिल्या. त्या दिवशी चालत गेलेल्यांत लक्ष्मीबाई होत्या. त्यांचे यजमान मुंबईला कामाला. गावी घेऊन ठेवलेला टेम्पो चालवायला माणूस नाही म्हणून दारात उभा. दोन दिवसांनी त्या ताईंकडे आल्या आणि म्हणाल्या, "मला शिकवशील काय गो?" त्या ताईंच्या पहिल्या विद्यार्थिनी. त्यांच्यामागून आणखी बायका आल्या आणि काही वर्षांत महाडला स्कूल उभं राहिलं.

ताईंची एम.ए.ची पदवी वाया गेली असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपली शिकाऊ वही आठवावी. रोजच्या धड्यानंतर काय चुकलं ते चार ओळींत लिहून द्यायचं, हा नियम त्या कुणालाही चुकवू देत नाहीत. माझी पहिली वही परत आली तेव्हा 'क्लच'बद्दल एक शेरा होता आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा तांबड्या खुणा. महामार्गावर चुकीच्या मराठीत लागलेली एक पाटी बदलून घेण्यासाठी त्या कंत्राटदाराच्या माणसाकडे चार वेळा गेल्या, आणि पाटी बदलली.

गाडीचा परवाना मिळाल्यावर त्यांनी मला स्कूलमध्येच शिकवायला ठेवून घेतलं. कशेडीला बोगदा झाला, तरी त्या शिकाऊंना जुन्याच घाटाने नेतात. तिथे एकदा मी एका निवृत्त गुरुजींना शिकवत होते. चढावर गाडी बंद पडली, गुरुजी गांगरले आणि गाडी मागे घसरू लागली. मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला आणि त्यांच्यावर जोरात ओरडले. गुरुजी दुसऱ्या दिवसापासून यायचे बंद झाले.

ताईंनी मला समोर बसवलं. "गाडी थांबवलीस ते बरोबरच. पण गाडी थांबल्यावर ओरडलीस ती कुणासाठी?"

"मी घाबरले होते," मी म्हटलं.

"मग तेच त्यांना जाऊन सांग."

मी गेले. गुरुजींनी ऐकून घेतलं, पत्नीला चहा टाकायला सांगितलं आणि म्हणाले, "चाळीस वर्षं मीही पोरांवर असाच ओरडलो असेन." सोमवारी ते पुन्हा आले. आता दर आठवड्याला ते पत्नीला गाडीतून महाडच्या बाजारात आणतात. माझ्या हातून एक माणूस कायमचा भिऊन घरी बसला असता. ताईंनी ते होऊ दिलं नाही, आणि मला शिक्षक केलं.

हल्ली ताईंचा डावा गुडघा दुखतो. डॉक्टरांनी क्लचपासून लांब राहायला सांगितलं आहे. गेल्या महिन्यात मी त्यांना सावित्री नदीच्या काठाने खाडीकडे घेऊन गेले. गाडी मी चालवत होते, त्या शेजारी बसल्या होत्या. बराच वेळ त्या सवयीने रस्त्याकडेच बघत राहिल्या. मग हळूहळू त्यांची मान खिडकीकडे वळली. भरतीचं पाणी आत आलं होतं, चिखलात बगळे उभे होते. "अगं, इतकी वर्षं मी इथून जातेय," त्या म्हणाल्या, "हे कधी पाहिलंच नाही. जरा हळू घे."

मी गाडी हळू घेतली. ताईंचे डोळे आणि हा आनंद पुढची पुष्कळ वर्षं असेच धडधाकट राहोत, आणि गुडघाही बरा होवो. त्यांना खिडकीशी बसवून न्यायला आपण शेकडो जण आहोत, आणि आपल्याला गाडी त्यांनीच शिकवली आहे.