पाठमोरी प्रदक्षिणा

नवस बोलताना माणसानं आधी नकाशा बघावा, असं अप्पा पुढं जन्मभर म्हणत राहिले. अप्पा म्हणजे माझे वडील. धारवाडात हायस्कुलात भूगोल शिकवायचे. नवस बोलली होती आई, आणि बोलली होती माझ्यासाठी, त्यामुळं मला तोंड उघडायची सोयच नव्हती.

झालं होतं असं. एसेसेल्सीच्या, म्हणजे मॅट्रिकच्या वर्षी मला विषमज्वर झाला. वर्ष बुडालं, केस गेले, आणि ताप उतरल्यावरसुद्धा न्हाणीघरापर्यंत जाऊन आले की धाप लागायची. त्या दिवसांत आईनं सौंदत्तीच्या यल्लम्माला साकडं घातलं, "पोरीला पायावर उभी कर, तिला घेऊन तुझ्या पाण्याला प्रदक्षिणा घालीन." लोक देवळाला प्रदक्षिणा घालतात. फार तर डोंगराला. पण आईच्या डोळ्यांसमोर डोंगरावरून दिसणारं मलप्रभेच्या धरणाचं पाणी आलं आणि ती बोलून गेली. मी पायावर उभी राहिले, परीक्षा पास झाले, कॉलेजात जायला लागले, तेव्हा तिला नवसाची आठवण झाली. अप्पांनी नकाशावर दोरा लावून मोजलं. फेरा ऐंशी मैलांचा भरला.

"गाभाऱ्याभोवती एकवीस फेऱ्या घाल की. तेवढंच पुण्य," अप्पा म्हणाले.

"देवीशी घासाघीस करता होय?" आई म्हणाली, आणि विषय संपला.

पाण्याभोवती सलग बस नव्हती, चालत जाणं शक्य नव्हतं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस सायकलीनं जायचं ठरलं. आई अप्पांच्या कॅरिअरवर, माझा थोरला भाऊ अण्णा सामान घेऊन, आणि मी माझ्या सायकलीवर. 'माझ्या' म्हणतेय, पण तीच तर खरी गोम होती. हुबळीच्या कमरीपेठेतला एक सायकलवाला अप्पांच्या ओळखीचा होता. त्याच्याकडून अप्पांनी एक जुनी हिरवी लेडीज सायकल चार दिवसांच्या बोलीवर आणली होती. पसंत पडली तर ठेवायची, नाहीतर परत. मला ती कॉलेजला जायला हवी होती. इतकी हवी होती, की रात्री उठून मी तिच्या घंटीवरून हात फिरवून यायची.

आईचा साफ विरोध. वरवरचं कारण केशवापूरची आत्या, म्हणजे अप्पांची बहीण. तिच्या मते सायकलीवर बसणारी मुलगी हातची गेलीच म्हणून समजावी. आतलं कारण माझी धाप. शेवटी अप्पांनी तोड काढली. मी अख्खा फेरा बसमध्ये, गाडीत न बसता पुरा केला तर सायकल माझी. नाहीतर ती कमरीपेठेला परत, आणि मी अण्णाच्या मागं मागं पायी कॉलेजला.

"दम लागला की मला कळणारच आहे," आई म्हणाली. मला असा राग आला म्हणून सांगू.

आईच्या अटी दोन होत्या. निघायचं शुक्रवारी, देवीच्या वारी, आणि त्याच दिवशी आधी दर्शन. दुसरी, प्रदक्षिणा रीतसर झाली पाहिजे. अप्पा 'हो हो' म्हणाले. शुक्रवारी पहाटे आम्ही निघालो. आमच्या मळमड्डीतली शेजारीपाजारी माणसं बघतील म्हणून आई जकात नाक्यापर्यंत पायी चालली आणि तिथं आडबाजूला, दोन्ही पाय एकीकडं सोडून कॅरिअरवर बसली. वाटेत अम्मिनभावीला दशम्या आणि शेंगाची चटणी खाल्ली, संध्याकाळी सौंदत्तीचा डोंगर चढून दर्शन घेतलं, धर्मशाळेत झोपलो. दम लागून मला एकदाही उतरावं लागलं नाही. एकदा उतरले ते चेन पडली म्हणून. आईनं तेवढ्यात पाण्याचा तांब्या पुढं केला. "चेन पडलीय आई, मी नाही पडलेली," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धरणावर पोचलो. पाणी नुसतं तुडुंब. काठावर एका चहाच्या टपरीपाशी आम्ही सायकली लावल्या. चहावाल्याला अप्पांनी अभिमानानं सगळी हकीकत कन्नडमध्ये सांगितली. त्यानं आम्ही आलो ती वाट बघितली, पुढं जायचं ती वाट बघितली, आणि आईला म्हणाला, "यव्वा, देवी यडक्क आतल्ला."

देवी डावीकडं आली की.

आईच्या हातातला कप तसाच राहिला. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला ठेवायचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि आम्ही कालपासून चाळीस मैल पाणी डाव्या हाताला घेऊन चाललो होतो. वीस वर्षं पोरांना दिशा शिकवणारे अप्पा पाण्याकडं बघत होते. मग हळूच म्हणाले, "मला अम्मिनभावीलाच जरा शंका आली होती."

"आणि बोलला नाहीत?"

"अगं, शुक्रवारी आधी दर्शन म्हणालीस ना? धारवाडहून आधी सौंदत्ती गाठायची तर पाणी डावीकडंच येणार. उजवीकडं हवं होतं तर आधी बैलहोंगलला जायला पाहिजे होतं. मग दर्शन सोमवारी झालं असतं."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. आई मटकन बाकावर बसली. उलटी प्रदक्षिणा म्हणजे नवस फिटणं दूरच, वर पाप. "परत फिरा," ती म्हणाली. "घरी जाऊ आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा निघू."

अप्पांची शाळा मंगळवारी उघडत होती. अण्णाला कॉलेज होतं. पुन्हा कोण कशाला निघतंय? म्हणजे नवस राहिला, फेरा राहिला, आणि हिरवी सायकल निघाली कमरीपेठेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. तेवढ्यात माझं लक्ष अप्पांच्या रिकाम्या कॅरिअरवर गेलं.

"आई, तू उलटी बस," मी म्हणाले. "मागं तोंड करून. मग पाणी तुझ्या उजव्या हाताला येतं."

अण्णानं खरंच मागं तोंड करून उभं राहून बघितलं. येत होतं.

"माझी गाढवावरून धिंड काढतेस?" आई म्हणाली. तिचंही बरोबर होतं. आपल्याकडं उलटं कुणाला बसवतात ते सगळ्यांना माहीत आहे. मास्तरांची बायको, इरकली नऊवारी नेसलेली, बैलहोंगलच्या बाजारातून पाठमोरी जाणार!

"आणि हिचं काय?" अण्णानं काडी घातली. "नवसात हीपण आहे. मग हिनं उलटं बसून सायकल मारायची का?"

"नवस बोलले मी," आई त्याच्यावर डाफरली. "ती नवसाचं सामान आहे. सामानाला डावंउजवं नसतं."

म्हणजे ती विचार करायला लागली होती. मी चहावाल्याकडं बघितलं. त्यानं बराच वेळ कप विसळले आणि मग निकाल दिला, की देवी हात बघते, चाक बघत नाही. आईनं डोंगराकडं बघून हात जोडले, पुटपुटत क्षमा मागितली, कासोटा घट्ट केला आणि अप्पांच्या पाठीला पाठ लावून कॅरिअरवर दोन्हीकडं पाय टाकून बसली. कालचा अर्धा फेरा? तो देवीनं दर्शनाचा म्हणून सोडून द्यावा, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं.

आता यातली एक अडचण माझ्या ध्यानात आली नव्हती. मी अप्पांच्या मागं असायची. काल आईची बाजू दिसत होती. आज तिचं तोंड थेट माझ्यासमोर, दहा हातांवर. अख्खा दिवस ती माझ्याकडं बघत होती. दुसरीकडं कुठं बघणार? "दम लागला?" "नाही." "तोंड लाल झालंय." "ऊन आहे." "जरा थांबूया?" "नको!" असं मुनवळ्ळीपर्यंत. मग मी चढ आला की गाणं म्हणायला लागले, दम लागत नाही हे दाखवायला. चढावर गाणं म्हटल्यावर दुसरं काय होणार? लागला. मी तोंड मिटून नाकानं फुसफुसत राहिले.

गावागावांत पोरं मागं धावायची. पहिल्या गावात आईनं पदर पुढं ओढून तोंड झाकलं. मग लक्षात आलं की पदराआडून मी दिसत नाही. तिनं पदर मागं टाकला आणि झाकायचं सोडून दिलं. बैलहोंगलच्या बाजारात एका म्हातारीनं तिला नमस्कारच केला, काहीतरी कडक व्रत असणार असं समजून. आईनंही गंभीर चेहऱ्यानं केला. अप्पा पुढं तोंड करून होते म्हणून वाचले, मागं असते तर हसून पडले असते.

चौथ्या दिवशी बैलहोंगलहून निघताना अप्पांचा गुडघा टम्म सुजलेला. एकट्यानं सायकल कशीबशी चालवतील, पण आईला घेऊन नाही. अण्णानं सामान अप्पांच्या आणि माझ्या सायकलीवर वाटलं, ऐटीत आईला बसवलं आणि वीस पावलांवर ज्वारीच्या शेतात घातलं. आई कणसं झटकत उठली. "हा नको," ती म्हणाली. अण्णा म्हणाला, आता आईला बसमध्ये घालू. "आणि नवस?" ती म्हणाली.

"मी घेते," मी म्हणाले.

"तू?"

"मीच. उतर म्हटलंस तर उतरेन."

आता हे मी का म्हणाले देव जाणे. पण बोलून बसले. माझ्या कॅरिअरवरचं सामान अण्णाच्या सायकलीवर गेलं आणि आई तिथं बसली, पाठीला पाठ लावून. पहिला मैलभर हँडल हातात राहीना. मग जमलं. मुख्य म्हणजे तिला माझं तोंड दिसत नव्हतं, हे मोठंच सुख होतं. मी मनसोक्त लाल झाले. ती मात्र एकदम गप्प झाली. "दम लागला?" नाही, की "थांबूया?" नाही. मला वाटलं, रुसली. नाहीतर शरमेनं मेली असेल, कारण आता धारवाड जवळ येत होतं.

जकात नाका आला तशी मी वेग कमी केला. "आई, आता सरळ बस. नाहीतर उतरून चाल. मळमड्डी आली."

"चल तू."

"अगं, सगळे बघतील."

"चल म्हणते ना."

दुपारी चारची वेळ. पेन्शनर मंडळी कट्ट्यावर, बायका दळण घेऊन, सगळा गाव बाहेर. मी मान खाली घालून पायडल मारत होते आणि माझी आई मागं तोंड करून, ताठ बसून, ओळखीच्यांना लांबूनच नमस्कार करत होती. मी घराशी थांबले. ती उतरली. माझ्या पाठीला वारा लागला तेव्हा कळलं, तिची पाठ दिवसभर माझ्या पाठीला चिकटून होती. दोघींच्याही चोळ्या घामानं ओल्या होत्या.

"उपीन बेटगेरीच्या पुढं पाणी संपलंच होतं," अप्पा मागून लंगडत येत म्हणाले. "प्रदक्षिणा तिथंच पुरी झाली. तिथून सरळ बसली असतीस तरी चाललं असतं की."

"ठाऊक आहे मला," आई म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "तोंड दिसत नव्हतं तुझं. पाठीला पाठ लावली की श्वास कळतो. तापात चाळीस रात्री तेच तर मोजत होते. एकदा जरी धाप लागली असती तर उतरले असते."

मी सायकल भिंतीला लावली.

"तिथं नको, पावसात गंजेल," ती म्हणाली. "आत घे. आणि आत्याला यातलं अक्षर सांगायचं नाही."