वाटकान

काष्टी गावच्या बनुबाईला जनावरं नुसती पाळून भागत नसे, त्यांच्या प्रत्येक खोडीला नाव लागे. आणि नावही असं, की तिच्याआधी ते कुणाच्या तोंडातून निघालेलं नसावं. कोंबडी अंडं घालून साऱ्या आळीला सांगत सुटली की ती 'अंडदवंडी'. कुत्रं नेमकं दारात आडवं पडून माणसांना ओलांडून जायला लावी, ती 'उंबरझोप'. मांजर दूध सांडून वर मिटल्या डोळ्यांनी पाय चाटत बसे, ते 'साळसूदचाट'. धार काढताना म्हैस शेणानं माखलेलं शेपूट फटकन तोंडावर मारी, त्याला बनुबाईनं मोठ्या मानानं 'शेणचवरी' म्हटलं होतं, कारण देवावर चवरी ढाळतात तशी ही माणसावर ढाळली जाते. नवरा मच्छिंद्र म्हणे, "तुझ्या तोंडाला कायतरी काम पायजे." शेजारणी मात्र हे शब्द बिनदिक्कत उचलून आपापल्या घरी नेत आणि सासवांवर वापरत.

बाई मूळची चुळबुळी. जेवायला बसली तरी एक गुडघा उभाच असायचा. त्यातून जीव सगळा चंद्रीत. चंद्री म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेली तिची म्हैस. ती बनुबाईखेरीज कुणाच्या हाताला पान्हा सोडायची नाही. बनुबाई चारचौघींत याची तक्रार करायची आणि मनातून फुगायची.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नसे, म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालायच्या. अशात जामखेडहून सांगावा आला की लेकीचे, रंगूचे, दिवस भरत आलेत. रंगूला सासू नव्हती, तेव्हा या दुसऱ्या बाळंतपणाला आईनंच जायला हवं होतं. निघताना लेकीसाठी लाडू बांधण्यापेक्षा जास्त वेळ नवऱ्याला लुगडं नेसवण्यात गेला. परक्या हाताला न बधणाऱ्या म्हशीपुढे मालकिणीचं लुगडं नेसून बसायचं, हा आपल्याकडचा जुना तोडगा. मच्छिंद्राच्या मिशा चांगल्या भरघोस होत्या. हिरव्या लुगड्यात तो जसा दिसायला हवा तसाच दिसत होता.

"हसू नगंस," तो म्हणाला.

"हसत न्हाई. पदर डोक्यावर घ्या. आन् तिच्याशी बोलत ऱ्हावा."

"काय बोलू?"

"मी बोलते त्येच."

जामखेडात नातू झाला. बाळ-बाळंतीण सुखरूप, पण रंगूला दूध येईना. तसा सांगावा काष्टीलाही गेला. पोर रडून रडून लाल व्हायचं. बनुबाई अळिवाची खीर करी, पाठ शेकी, काही म्हणता काही कमी करत नव्हती, पण हात इथे आणि मन गोठ्यात. दिवस कलला की दारात जाऊन उभी राही.

"आता धारेची येळ झाली आसंल," ती स्वतःशीच म्हणे.

"आये, हितं बस की जरा," आतून रंगू म्हणे.

बनुबाई येऊन बसे आणि बाळाचं दुपटं सारखं करता करता पुन्हा उठे. लेकीला ते दिसत होतं. आईला दिसत नव्हतं.

पाचवी पुजून झाली, आणि आठवडे बाजारात काष्टीकडचा जनावरांचा दलाल कानिफनाथ दिसला. बनुबाईनं गर्दीतून वाट काढत त्याला गाठलंच.

"म्हैस लाथा झाडती म्हनं," तो म्हणाला. "पैल्या दिशी तांब्याभर बी दूध न्हाई. मच्छिंद्रा म्हनत हुता, आसंच चाललं तर दाव्याला बांदून काय करू."

झालं. बनुबाईला आटलेली कास दिसायला लागली आणि दाव्याचं टोक कानिफनाथाच्या हातात दिसायला लागलं. घरी येऊन तिनं गाठोडं बांधलं.

"बारशापतुर तरी थांब," रंगू म्हणाली.

"पोरी, ती मुकं जनावर. तू बोलून सांगशील, तिनं कुनाला सांगावं?"

त्या घटकेला बनुबाईला हे बोलणं अगदी बिनतोड वाटलं. रंगू बाळाला घेऊन दाराकडे तोंड करून पडली.

नगरपर्यंत मोटार दोनदा बंद पडली. दोन्ही वेळा बनुबाई खाली उतरून ड्रायव्हरला कोळसे घालायला शिकवून आली. पुढे रेल्वेत जागा असून ती उभी राहिली, जशी काही तिच्या उभं राहण्यानं गाडी लवकर पोचणार होती.

घराजवळ आली तेव्हा धारेचीच वेळ होती. गोठ्यातून मच्छिंद्राचा आवाज येत होता. "बास कर की तुजी शेनचवरी. मी काय देव हाय का?" आणि चरवीत धार वाजत होती, भरल्या चरवीत वाजते तशी जाड. बनुबाईनं आत डोकावलं. मच्छिंद्र आपल्या धोतरातच बसला होता. लुगडं खुंटीवर होतं.

"लुगडं न्हाई नेसला?" तिनं विचारलं.

तो दचकला. "आगं, तू? नेसलो की सुरवातीला. आळी हसून लोळली. मग एकदा इसरलो, तर हिनं तसाच पान्हा सोडला."

"मला सोधत हुती का?"

"तर. सुरवातीला लई वाटकान."

"काय?"

"वाटंकडं कान लावून उभी ऱ्हायची. वैरन तोंडात, पन चावायची न्हाई. म्या त्येला वाटकान म्हनलं." तो जरासा लाजला. "मग सोडलं तिनं. जनावरच ते."

बनुबाईला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तिला म्हशीचा राग आला, नवऱ्याचा आला, आणि आपल्यावाचून गोठा इतका सुरळीत चाललेला पाहून रडूच यायला लागलं.

मच्छिंद्र चरवी घेऊन उठला. "पोरीला दूध आलं का?"

गाठोडं अजून बनुबाईच्या काखेतच होतं. दाराकडे तोंड करून पडलेली रंगू आता तिला पुरती दिसली.

"न्हाई," ती म्हणाली.

"मग तू हितं कशापायी आलीस?"

तिनं गाठोडं दुसऱ्या काखेत घेतलं. मग विचारलं, "सकाळची गाडी कवा हाय?"

"उजाडताना. जाताना धार काडून जा, तुजा हात लागंल तिला."

चंद्री दावं ताणून पुढे आली आणि तिचा हात हुंगायला लागली. बनुबाईनं हात मागे घेतला.

"तुमीच काडा," ती म्हणाली. "माजी गाडी चुकंल."