दार अडवणारा पॉप-अप

मंडळी, मी वेबसाइट बनवतो. आज बुधवार पेठेतले एक पुस्तकविक्रेते हट्टालाच पेटले. साइट उघडली की आधी मोबाइल नंबर मागणारा पॉप-अप हवाच!

मी वाद घातला नाही. सरळ त्यांच्याच दुकानाचं दार अडवून उभा राहिलो. एक आजोबा आले. म्हटलं, "आधी नंबर द्या, मग आत जा."

"पुस्तक घ्यायला आलोय, सोयरीक जुळवायला नाही," म्हणाले आणि शेजारच्या दुकानात शिरले.

मालक भडकले. "अहो, गिऱ्हाईक घालवलंत माझं!"

म्हटलं, "मी निदान दुपारी एक ते चार झोपायला घरी जाईन. पॉप-अप तेव्हाही दारातच असेल."

पॉप-अप तिथल्या तिथे रद्द झाला.

तुमच्या साइटच्या दारात कोण उभं आहे?