पुढची बैठक

वस्तीत त्यांना सगळे कपाटवाले म्हणत. भिंतीतलं कपाट करावं तर त्यांनीच. ओटा करायचा झाला तर आधी त्या घरातल्या बाईची उंची मोजत, तिला हात वर करून दाखवायला लावत आणि मगच लाकडाला हात घालत. असा माणूस साठी उलटल्यावर होडी करायला बसला, तेव्हा शेजाऱ्यांनी विचारलं, कप्पे किती ठेवणार?

होडी मागच्या खोलीत झाली. पातळ प्लायच्या पट्ट्या, सांध्यांना राळ, वरून फायबरचं कापड. लांबट, उघडी, दोघांपुरती. आठ महिने खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पालथ्या होडीवर चादर टाकून बायको इस्त्री करायची आणि वर म्हणायची, टेबल छान झालंय, पाण्यात कशाला घालवताय? कपाटवाले तोंड वाकडं करत, पण मनातून सुखावत.

पहिलं वर्ष फार सुखाचं गेलं. रविवारी सकाळी दोघं तळ्यावर जात. बायको पुढच्या बैठकीवर, हे मागे. तिचं वल्हं पाणी कापायचं कमी आणि यांच्या अंगावर उडवायचं जास्त. शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं गर्दीत उभी राहिलेली बाई ती. एकदा मागे न बघता म्हणाली, "इथून पुढे कोणीच दिसत नाही. बरं वाटतं." त्यांनी नुसतं हुं केलं. तेवढ्याने तिचं भागलं असावं, कारण ती वल्हं मांडीवर ठेवून पुढे बघत राहिली.

मग त्यांच्या डोक्यात शिडाचं खूळ शिरलं. तळ्यावरचा एक गृहस्थ घाम न गाळता शिडावर पुढे निघून गेला, ते यांच्या जिव्हारी लागलं. डोलकाठीला बांबू आला. छत्रीच्या कापडाचं शीड बायकोनेच मशीनवर शिवलं. वाऱ्याने होडी आडवी सरकू नये म्हणून कडेला पाण्यात उतरणारी फळी झाली. चौकटीच्या कागदावर सगळं मांडून बघितलं, तर डोलकाठीची जागा नेमकी पुढच्या बैठकीवर आली.

त्यांनी विचारलं होतं. असं ते पुढे स्वतःला कितीदा तरी बजावत. तुझी बैठक काढावी लागेल, चालेल ना, असं चांगलं स्पष्ट विचारलं होतं, आणि ती म्हणाली होती, "काढा की."

पुढची सहा वर्षं ती चहाचा थर्मास घेऊन काठावर बसली. हे परत आले की विचारायची, कसा होता वारा? आणि हे वाऱ्याबद्दल अर्धा तास बोलत. कधीतरी तिने येणं सोडलं. गुडघे दुखतात म्हणाली. यांनी मान डोलावली आणि एकटे गेले, कारण वारा चांगला होता.

एका रविवारी वारा पडला. शीड लोंबकळलं, होडी जागची हलेना. रिकाम्या हातांनी बसायची सवय नसलेले कपाटवाले डोलकाठीकडे बघू लागले, आणि बघता बघता त्यांच्या लक्षात आलं. डोलकाठी वीतभर पुढे घेतली असती आणि कडेची फळीही तेवढीच पुढे सरकवली असती, तर बैठक राहिली असती. शीड तसंच चाललं असतं. लोकांच्या घरी वीतभर जागेसाठी जिवाचा आटापिटा करणाऱ्या माणसाला स्वतःच्या होडीत ती सापडली नव्हती. शोधलीच नव्हती, हे खरं.

घरी येताच ते कामाला लागले. चार दिवसांत डोलकाठी पुढे गेली, नवी बैठक तयार झाली. मग टेप घेऊन बायकोपुढे उभे राहिले. गेल्या वर्षी तिच्या कमरेचं ऑपरेशन झालं होतं आणि खाली बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिला उठता-बसता येईल एवढ्या उंचीवर बैठक घेतली तर होडी कलंडणार, आणि खाली घेतली तर ती बसू शकणार नाही. त्यांनी तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा तिनेच टेप त्यांच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "राहू द्या आता."

दुसऱ्या दिवशी लेक आली. मागच्या खोलीत कपाटवाले नवी बैठक सुटी करून ठेवत होते, आणि स्वयंपाकघरातलं बोलणं तिथे ऐकू येत होतं. लेक आईवर चिडली होती. तुला बसायचं होतं तर तेव्हाच 'नको' असं का म्हणाली नाहीस, बाबांनी विचारलं होतं ना?

"विचारलं होतं की," ती शांतपणे म्हणाली. "पण विचारलं तेव्हा करवत हातात होती, आणि बैठक अर्धी कापून झाली होती."

कपाटवाले स्क्रू डबीत टाकत राहिले. हे खोटं आहे, असं आत जाऊन सांगावं, म्हणून त्यांनी तो दिवस नीट आठवून बघितला. मग घर बदललं तो दिवस आठवला, लेकीची शाळा ठरवली तो, बायकोने नोकरी सोडली तो. प्रत्येक वेळी त्यांनी तिला विचारलं होतं, आणि प्रत्येक वेळी काम अर्धं झालेलं होतं.