दादांनी दिलेली तारीख

दादा, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हा द्राक्षबागेची छाटणी व्हायची होती आणि पाऊस रेंगाळला होता. पाऊस पुरता जाण्याआधी छाटलं तर कोवळी फूट आणि नुकते निघालेले घड त्यात सापडतात, डाऊनी नावाची बुरशी येते आणि घड वाळून गळतात. म्हणून दादा तारीख ठरवायचे, आभाळ बघायचे आणि ती पुढे ढकलायचे. दरवर्षी. पेठकडून येणाऱ्या छाटणीच्या टोळीचा मुकादम वैतागायचा, "दादा, एकदाची पक्की सांगा ना! का पोरीच्या लगनाचा मुहूर्त काढताय?"

त्या वर्षी त्यांनी तारीख दिली आणि ते गेले.

दारावर येणारे बहुतेक बागायतदारच. ओसरीवर टेकायचे, मग हळूच विचारायचे, "छाटणी कधी?" काका प्रत्येकाला सांगायचे, "दादांनी तारीख दिलीये. त्यांचा शब्द मोडायचा नाही." माना हलायच्या. सुतक फिटेपर्यंत ते सगळ्या भाऊबंदांचं वचन होऊन बसलं.

मी कॉलेजात शिकवायचे. आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसायचे, पान उलटत नसे. खिडकीतून, पाऊस जिकडून येतो ते त्र्यंबककडचं आभाळ दिसायचं. काळंच.

दहाव्यानंतर मी काकांना म्हटलं, "दादांनी तारीख बदलली असती."

"तुला सांगून गेलेत का? पुस्तकात वाचलंस?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "भावजी, दरवर्षी बदलायचेच की ते."

"ते बदलायचे, वहिनी. आपण कोण बदलणार?"



ठरल्या दिवशी टोळी आली. कात्र्या चालू झाल्या. काड्यांवरचे डोळे फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावणाऱ्या बायांमध्ये मीही होते. दुसरं काय करणार?

घड दिसू लागले आणि पाऊस पुन्हा आला. चिखलात ट्रॅक्टर शिरेना. काका पाठीवर पंप घेऊन फवारत राहिले, पाऊस औषध धुऊन नेत राहिला. पानांखाली पांढरी बुरशी धरली. शेजाऱ्यांनी अजून छाटलंच नव्हतं.

एका सकाळी काकांनी वेलींच्या मांडवाखाली एका घडाला हात लावला. तो तपकिरी भुगा होऊन बोटांतून सांडला. त्यांनी बोटं सदऱ्याला पुसली.

"यंदा पाऊसच तसा," ते म्हणाले.

तारीख चुकली म्हणावं, तर ती चूक दादांच्या नावावर गेली असती. आईने माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हटलं, "पाऊसच तसा."