विनंती थांबा

लोटननाना घरातून बाहेर पडताना स्वतःची घोषणा करत. चपला पायात सरकवल्या की ते अंगणात उभे राहत, नाकातून थोडा आवाज काढत आणि गॅलरीतल्या माणसांना उद्देशून, कोणी नसेल तर समोरच्या कडुनिंबाला उद्देशून म्हणत, "पिंप्राळ्याहून गावात जाणारी गाडी दुकानमार्गे निघत आहे." मग निघत. चेहऱ्यावर हसू वगैरे काही नसे. आम्ही त्यांच्या समोरच्या घरात राहायला आलो त्या पहिल्या सकाळी मी दुधासाठी दार उघडलं, तर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "नवीन प्रवाशांनी घाई करू नये." मी दार पुन्हा लावून घेतलं.

नंतर कळलं की माणूस शहाणा आहे, फक्त एसटीत वाहतूक नियंत्रक होता. आयुष्य बसस्टँडवरच्या त्या काचेच्या खोलीत माईकसमोर गेलेलं. निवृत्त झाल्यावर माईक खात्याकडे राहिला, आवाज नाना घरी घेऊन आले. जगात त्यांच्या मते तीनच प्रकारची माणसं होती, साधी, जलद आणि विनाथांबा. माझी सासू साधी, कारण ती प्रत्येक दाराशी थांबते. मी जलद, पण वाटेत बंद पडणारी. घरात ते अहिराणीच बोलत, घोषणा मात्र शुद्ध मराठीत. सरकारी काम सरकारी भाषेत, असा त्यांचा शिरस्ता होता.

दुसरं एक वाक्य त्यांच्या तोंडात कायम असे. "बठ्ठं सोपं शे." गॅस सिलिंडर बदलणं, माझ्या मुलीची दहावी, त्यांचं स्वतःचं हर्नियाचं ऑपरेशन, सगळं सोपं. त्यांच्या बायकोला, म्हणजे सुमनअक्कांना, हे वाक्य अजिबात आवडत नसे. "त्यास्ले बठ्ठं सोपं वाटस," त्या मला म्हणत, "करनं माले पडस."

मग एका सकाळी अक्कांची डावी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा बोलणं जागेवर होतं, हात खांद्याच्या वर जात नव्हता आणि पाय ओढावा लागत होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पायात जीव आहे, रोज चालल्या तर येईल. बसून राहिल्या तर आखडेल आणि मग कायमचं बसणंच नशिबी. अक्कांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, घरी आल्या आणि खुर्चीत बसल्या. ज्या बाई भाजीबाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन माझ्यापुढे निघून जात, त्या आता फाटकापर्यंतही येईनात. कारण एकच, लोकांच्या नजरा. "लोके दखतस."

नाना त्यांना एकदा रिक्षात घालून मेहरूणच्या तलावावर घेऊन गेले. मीही होते. दहा पावलं झाली असतील, तेवढ्यात त्यांच्या नात्यातली एक बाई समोरून आली, "काय व्हयनं अक्का?" म्हणाली आणि अक्कांच्या गळ्यात पडून रडायला लागली. अक्कांनी तिची बराच वेळ समजूत घातली. ती सावरून पुढे फिरायला गेली आणि आम्ही त्याच रिक्षाने घरी आलो. त्यानंतर अक्का खुर्चीतून उठेनात. मला खरंच भीती वाटायला लागली. नाना पहिल्यांदाच काही सोपं आहे असं म्हणाले नाहीत.

त्यानंतर ते वरचेवर सकाळच्या पॅसेंजरने नरडाण्याला जायला लागले. त्यांचं मूळ गाव तिकडचं. दुपारी परतायचे ते काळेठिक्कर होऊन, धोतराला कुसळं चिकटलेली. अक्कांनी ठरवून टाकलं की भाऊबंदकी निघाली आहे आणि शेताच्या बांधावरून भांडणं चालू आहेत. त्यातच घरातलं प्लास्टिकचं स्टूल हरवलं. त्या बसल्या जागेवरून सगळ्यांना स्टुलाबद्दल विचारत होत्या. नाना छताकडे बघत होते.

एका शनिवारी ते माझ्याकडे आले. "माय, तुनी गाडी दगडमा जास का?"

गाडी नवी होती. मी म्हटलं, नाही जात.

"बठ्ठं सोपं शे," नाना म्हणाले. रविवारी अक्कांना घेऊन आम्ही गेलो.

नानांच्या गावामागे मोठा माळ आहे. पिवळं गवत, मध्ये मध्ये बोरीची झुडपं आणि जमिनीतून वर आलेले काळे खडक. माळ हळूहळू उतरत जातो आणि शेवटी एक छोटी नदी खडक कापून घळीतून तापीकडे जाते. नकाशात तिला नाव असेल, नाना नुसतं नदी म्हणत. चढ नाही, काटेरी वाट नाही, आणि मुख्य म्हणजे माणूस नाही. त्या वाटेवर नानांनी ठरावीक अंतरावरचे दगड निवडून त्यांना गेरू फासला होता, लांबून दिसावेत म्हणून. सगळे दगड बसायला एकसारख्या उंचीचे. हरवलेलं स्टूल ते पिशवीत घालून माळभर हिंडले होते आणि दगडाला दगड मोजून बघितला होता. अक्कांना त्या उंचीवरून एकटीने उठता येत होतं.

"हे आपले थांबे," नानांनी सांगितलं. पहिला थांबा, बोरीचा थांबा, खडकाचा थांबा, आणि घळीच्या तोंडाशी शेवटचा तो विनंती थांबा. "तठे गाडी आपसूक थांबस नही. हात दखाडना पडस."

अक्कांनी गाडीतून आजूबाजूला पाहिलं. लांबवर मेंढ्या होत्या, पण त्या पाहत नव्हत्या. मग अक्का उतरल्या. काठी टेकत, पाय ओढत पहिल्या थांब्यापर्यंत गेल्या, बसल्या आणि म्हणाल्या, बस झालं. नानांनी घोषणा केली, "काही अपरिहार्य कारणास्तव गाडी येथूनच परत जाईल." पुढच्या रविवारी त्या बोरीपर्यंत गेल्या. आणि तिथेच अडकल्या. सगळा हिवाळा आम्ही बोरीपाशी बसून काढला. दगड दिसला की त्या बसत, बसल्या की पुढे जायचं नाव काढत नसत. डॉक्टर म्हणाले, सुधारणा थांबली आहे. होळी झाली की तो माळ तव्यासारखा तापतो, मग पावसाळा संपेपर्यंत तिकडे जाणं नाही, आणि तोवर पाय वाट बघणार नव्हता.  परतताना गाडीच्या आरशात मला त्यांचा चेहरा दिसे, आणि मी आरसा थोडा फिरवून ठेवत असे.

मध्ये नानांना ताप आला आणि काही रविवार चुकले. पुन्हा गेलो तर पहिल्या थांब्यावर नारळ होता. झेंडूची माळ, हळदकुंकू, विझलेली उदबत्ती. अक्का त्याच्यासमोर काठी टेकून उभ्या राहिल्या.

"बस ना," नाना म्हणाले.

"देववर बसू का मी?"

"देव नही शे तो. गेरू शे. मीच लायेल शे."

"तुम्ही गेरू लाया," अक्का म्हणाल्या. "लोकस्नी हात जोडात. आते तो तुमना नही ऱ्हायना."

 अक्कांनी दगडाला नमस्कार केला आणि पुढे निघाल्या. बोरीच्या थांब्यावर तर छोटा झेंडाही लागला होता. तिथे एक मेंढपाळ बसला होता. त्याने आम्हाला मोठ्या भक्तीने सांगितलं की हे देव जमिनीतून आपोआप वर आलेले आहेत, आणि खोटं वाटत असेल तर बघा, सगळे एकाच उंचीचे आहेत.  नाना मला हळू आवाजात म्हणाले, "आपले थांबे परस्पर दुसऱ्या खात्याकडे वर्ग झाले."

तोपर्यंत अक्का बोरीच्या पुढे गेल्या होत्या. बसायची सोय नव्हती आणि उभं राहिलं तर पाय दुखत होता, म्हणून चालत होत्या. खडकाच्या थांब्यालाही कुंकू होतं. त्यांनी चालता चालताच हात कपाळाला लावला. नाना मागून धोतर सावरत, मी त्यांच्या मागे. कोणी एक शब्द बोललं नाही. बोललो असतो तर आपण किती लांब आलो ते अक्कांच्या लक्षात आलं असतं, अशी भीती होती. विनंती थांब्यावरही हार होता. अक्का त्यालाही ओलांडून गेल्या आणि घळीच्या काठावर एका झाडाला धरून उभ्या राहिल्या. खाली काळ्या खडकांत थोडं पाणी होतं. त्या पाण्याकडे बघत राहिल्या, घामाने भिजलेल्या, आणि थोड्या रागावलेल्या.

नानांनी नाकातून आवाज काढला. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. विनाथांबा गाडी..." पुढची घोषणा झाली नाही. ते पाठ फिरवून उपरण्यात नाक शिंकरत राहिले. परतण्याआधी अक्का एका साध्या, बिनगेरूच्या दगडावर टेकल्या. तो ठेंगणा होता, त्यांना उठवायला आम्ही दोघं लागलो.

त्यानंतर अक्का पिंप्राळ्यातही चालायला लागल्या. पाय थोडा ओढतच, पण रोज. लोके दखतस, असं मी एकदा मुद्दाम म्हटलं, तर म्हणाल्या, "दखू दे." डावा हात मात्र खांद्याशीच अडकला तो अडकलाच. आम्ही दर हिवाळ्यात माळावर जात राहिलो. त्या एकाही थांब्यावर बसल्या नाहीत. नाना नारळ बरोबर घेत. दुसऱ्या खात्याला सहकार्य करायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं.

गेल्या पावसाळ्यात नाना दुपारचे झोपले ते उठलेच नाहीत. समोर राहून मला घोषणांची इतकी सवय झाली होती की त्यांना नेलं तेव्हाही मी नकळत कान देऊन उभी होते. कोणी काही म्हणालं नाही. मला फार एकटं वाटलं. अक्का पुन्हा खुर्चीत बसल्या. या वेळी कारण विचारायची माझी हिंमत झाली नाही.

थंडी पडल्यावर एका रविवारी त्या स्वतःच माझ्या फाटकाशी आल्या. "माय, तुनी गाडी दगडमा जास ना आते?"

माळ होता तसाच होता. आमचे देव मात्र वाढले होते; नानांनी ज्यांना हातही लावला नव्हता अशा दोन दगडांना कोणीतरी शेंदूर फासला होता. वाट चांगली मळलेली. अक्का प्रत्येक थांब्याला नमस्कार करत गेल्या आणि मी मागून नारळाची पिशवी घेऊन. घळीशी, शेवटच्या दगडापाशी आल्यावर त्या थांबल्या. काठी माझ्याकडे दिली. मग डावा हात सावकाश उचलला. तो खांद्यापाशी अडखळला आणि थोडा वर गेला, रस्त्याच्या कडेला उभं राहून एसटीला दाखवतात तसा.

"विनंती थांबा शे ना हाऊ?" अक्का म्हणाल्या.

मी म्हटलं, हो.

त्यांनी पदराने दगडावरचं कुंकू पुसलं, हार बाजूला ठेवला आणि बसल्या. दगड बरोबर उंचीचा होता. मी घाबरून विचारलं, अक्का, देव काय म्हणेल?

"काय म्हनी?" त्या म्हणाल्या. "त्यास्नीच बसाडेल शे माले."

मग त्या रडल्या, नाना गेल्यापासून पहिल्यांदाच. आणि थोडं सरकून त्यांनी माझ्यासाठी जागा केली.